मुलाच्या वतीने बोलायचे कोणी?

प्रतिनिधित्व हा शब्द आपल्या घराघरांत माहीत आहे. १९१९ च्या जानेवारीत परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, तेव्हापासून तो आपल्या चळवळीचा शब्द झाला. त्या निवेदनात बाबासाहेबांनी एक भेद मांडला होता, तो आजही मनन करण्याजोगा आहे. लोकांची मते सभागृहात पोचली म्हणजे प्रतिनिधित्व पुरे झाले असे नाही. ती माणसेही तेथे पोचली पाहिजेत. दुसऱ्याचे दुःख कोणी कितीही कळवळून सांगितले तरी ते ऐकीव दुःखच राहते. ही गोष्ट आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने सोसून ओळखली, म्हणून ती आपल्याला समजावून सांगावी लागत नाही.

परंतु याच्या पुढचा एक प्रश्न आहे आणि तो अधिक अवघड आहे. ज्याला मत देता येत नाही, अर्ज लिहिता येत नाही, वकील लावता येत नाही, किंबहुना ज्याला आपल्यावर काय प्रसंग आला आहे हेही नीट कळत नाही, त्याचे प्रतिनिधित्व कोणी करावे? असा माणूस म्हणजे लहान मूल. घरात मुलाला मारहाण होते, उपासमार होते, त्याची आबाळ होते, अशी तक्रार आली की सरकार मध्ये पडते. खटला न्यायालयात जातो. मुलाला आईबापांपाशी ठेवायचे, आजीकडे द्यायचे की परक्या घरी पाठवायचे, हे न्यायाधीश ठरवतात. एका बाजूला सरकारचा वकील असतो, दुसऱ्या बाजूला आईबापांचा. ज्याचे सारे आयुष्य त्या निकालावर ठरायचे, ते मूल मात्र बहुधा त्या खोलीतही नसते.

आणि ते मूल जर अशा समाजातले असेल की ज्याला परक्या राज्यकर्त्यांनी शंभर-दीडशे वर्षे हीन लेखले आहे, तर? न्यायाधीश राज्यकर्त्यांच्या समाजाचा, तक्रार लिहिणारा अधिकारीही त्याच समाजाचा. चांगले घर कसे असते, चांगली आई कशी वागते, याची मोजपट्टीही त्यांचीच. तेथे त्या मुलाच्या वतीने कोणी बोलावे? हा प्रश्न न्यूझीलंडमधील माओरी समाजाने फार नेटाने लढवला आहे. त्यांचा अनुभव आपण समजून घेतला पाहिजे. कारण त्यात आपल्यालाही एक पेच सोडवावा लागतो.

माओरींचा कायदा

माओरी हे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी. १८४० साली ब्रिटिश राजसत्तेने त्यांच्या प्रमुखांशी वाईतांगी येथे तह केला. तहात माओरींच्या मालमत्तेला आणि अधिकाराला अभय होते. पुढे जमीन गेली, शाळेत मुलांना मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा होऊ लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर माओरी कुटुंबे खेडी सोडून मोठ्या संख्येने शहरात आली, तेव्हा सरकारी कल्याण खात्याची नजर त्यांच्या घरांवर पडली. शेकडो नव्हे, हजारो मुले उचलून सरकारी वसतिगृहांत आणि परक्या घरांत ठेवली गेली.

या खात्याच्या कारभाराविषयी तक्रारी वाढल्या, तेव्हा १९८५ साली सरकारने एक सल्लागार समिती नेमली. जॉन रांगिहाऊ हे तुहोए जमातीचे वडीलधारे तिचे अध्यक्ष होते. समितीने मराए म्हणजे माओरींच्या सभास्थानी बसून लोकांचे म्हणणे ऐकले आणि १९८६ मध्ये अहवाल दिला. त्याचे नाव ‘पुआओ-ते-आता-तू’, म्हणजे उजाडती पहाट. खात्यातील माणसे वाईट आहेत, एवढेच म्हणून समिती थांबली नाही. खात्याची रचना आणि रीतच वंशभेदावर उभी आहे, असा तिने निष्कर्ष काढला. हा फरक आपण चटकन समजू शकतो. एखादा सवर्ण शेजारी सज्जन असतो. तरी गावची विहीर बंदच असते. अन्याय रीतीत शिरला की तो करायला वाईट माणसांची गरज उरत नाही.

त्या अहवालाचा परिणाम होऊन १९८९ साली नवा कायदा झाला. हल्ली तो ‘ओरांगा तामारिकी कायदा’ या नावाने ओळखला जातो, आणि मुलांच्या खात्याचेही तेच नाव आहे. या कायद्याची दोन वैशिष्ट्ये सांगितली पाहिजेत.

पहिले, कुटुंब-बैठक. मुलाविषयी न्यायालयाने निर्णय करण्यापूर्वी त्याच्या साऱ्या नातेवाइकांची बैठक बोलावली जाते. अधिकारी आपली माहिती सांगतात आणि मग खोलीबाहेर जातात. घरची माणसे आपसांत विचार करतात आणि मुलासाठी काय करता येईल ते ठरवतात. माओरी लोक कुटुंबाला ‘फानाउ’ म्हणतात. त्यात आईबाप आणि मुले एवढीच माणसे धरत नाहीत. आजीआजोबा, चुलते, मावश्या, मामेभावंडे, अशी सारी भावकी त्यात येते. फानाउंचे मिळून ‘हापू’ म्हणजे कूळ, आणि कुळांची मिळून ‘इवी’ म्हणजे जमात. युरोपीय अधिकाऱ्याला मूल आजीपाशी वाढते आहे हे आईचे दुर्लक्ष वाटे. माओरींना ती जगाची रीत वाटे. आपल्यातल्या किती जणांची लहानपणे आजोळी गेली आहेत, ते आठवून पाहा.

दुसरे वैशिष्ट्य आपल्या विषयाच्या गाभ्याचे आहे. अशा खटल्यात मुलासाठी एक नव्हे, दोन माणसे उभी राहू शकतात.

वकील आणि कैवारी

पहिला माणूस म्हणजे मुलाचा वकील. मुलाला स्वतःचा वकील नसेल तर न्यायालय तो नेमून देते. आईबापांचा वेगळा, सरकारचा वेगळा, मुलाचा वेगळा. त्याच्यावर दोन कर्तव्ये आहेत. मुलाचे हित कशात आहे ते पाहून त्याने बाजू मांडावी, आणि मुलाने जे मत सांगितले असेल ते न्यायाधीशांपर्यंत पोचवावे. त्यासाठी त्याने मुलाला प्रत्यक्ष भेटले पाहिजे. वकील निवडताना त्याचा स्वभाव, शिक्षण, अनुभव आणि सांस्कृतिक पार्श्वभूमी पाहावी, असेही कायदा सांगतो.

दुसरा माणूस वकीलच असला पाहिजे असे नाही. त्याला तेथे ‘ले ॲडव्होकेट’ म्हणतात. आपण त्याला कैवारी म्हणू. त्याचे काम कायद्याने दोन वाक्यांत सांगितले आहे. या खटल्याशी संबंध असलेल्या साऱ्या सांस्कृतिक गोष्टी न्यायालयाच्या ध्यानात आणून देणे, हे एक. आणि मुलाच्या फानाउचे, हापूचे, इवीचे हित मांडणे, हे दुसरे. मूल कोणाच्या मांडीवर वाढले, त्याचा कोणता चुलता जबाबदार आहे, कोणती आजी दूर राहत असली तरी त्याला आधार देऊ शकेल, त्याचे नाव कोणत्या पूर्वजावरून पडले, हे सरकारी फाईलमध्ये सापडत नाही. ते जाणणारा माणूस न्यायालयात असावा, अशी ही योजना आहे. मात्र कैवारी नेमणे न्यायालयाच्या मर्जीवर आहे, तो नेमलाच पाहिजे असे बंधन नाही. योजनेतली उणीव ती हीच.

दोन माणसे कशाला, असे कोणी विचारील. शिक्षकाच्या धंद्यात याचे उत्तर रोज मिळते. वर्गात भांडण होऊन मूल मुख्याध्यापकांच्या खोलीत आले की ते खाली मान घालून उभे राहते. ‘बोल, काय झाले?’ असे दहा वेळा विचारले तरी ते बोलत नाही. मुलगा मुका आहे, खोटारडा आहे किंवा निगरगट्ट आहे, असे त्या शांततेचे तीन-चार अर्थ लगेच लावले जातात. त्याच्या वस्तीतली एखादी बाई डबा द्यायला आलेली असते, ती त्याच्याशी त्याच्या बोलीत दोन शब्द बोलते आणि सारी हकीगत बाहेर पडते. त्या बाईला शाळेचे नियम ठाऊक नसतात. मुख्याध्यापकांना मुलाची बोली ठाऊक नसते. मुलाला न्याय मिळायचा तर दोघांचीही गरज आहे. एकाला कायदा कळतो, एकाला मूल कळते.

शिवाय दोघांना वेगळे ठेवण्यामागे आणखी एक शहाणपण आहे. मुलाचे हित आणि जमातीचे हित बहुतेक वेळा एकाच दिशेने जाते, पण नेहमीच जाईल असे नाही. ज्या वेळी ते वेगळे होईल, त्या वेळी एकच माणूस दोघांच्या वतीने बोलू लागला तर मोठ्याचा आवाज लहानाचा आवाज गिळून टाकील. म्हणून मुलाला असा एक माणूस हवा, की जो फक्त त्याचा आहे.

कायदा कागदावर राहिला तेव्हा

चांगला कायदा झाला म्हणजे चांगले दिवस आले, असे होत नाही, हे आपल्याला अस्पृश्यता-निवारणाच्या कायद्याने शिकवले आहे. न्यूझीलंडच्या एकूण लोकसंख्येत माओरी सुमारे पाचवा-सहावा हिस्सा आहेत. पण सरकारी ताब्यातील मुलांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मुले माओरी आहेत. कायदा होऊन तीसहून अधिक वर्षे झाल्यावरची ही स्थिती आहे.

२०१९ च्या मे महिन्यात हेस्टिंग्स शहरातील दवाखान्यात एका तरुण माओरी मातेचे काही दिवसांचे बाळ ताब्यात घेण्यासाठी अधिकारी आणि पोलीस आले. न्यायालयाचा हुकूम त्यांच्या हाती होता. पण तो दुसऱ्या बाजूला न कळवता मिळवलेला होता. आईचे म्हणणे ऐकले गेले नव्हते, भावकीचे नव्हते. सुईणी आणि नातेवाईक आईच्या पाठीशी उभे राहिले आणि बाळ तिच्यापाशीच राहिले. या प्रसंगाचे चित्रण देशभर दाखवले गेले आणि एकामागून एक चौकश्या सुरू झाल्या. नवजात बाळांच्या बाबतीत असे एकतर्फी अर्ज अपवाद न राहता रिवाज होऊन बसले आहेत, हे मुख्य लोकपालांच्या २०२० च्या चौकशीत दिसून आले. २०२१ मध्ये वाईतांगी न्यायाधिकरणाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, सरकारने मागे सरावे आणि माओरी मुलांची व्यवस्था कशी लावायची ते माओरींना ठरवू द्यावे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रतिनिधी नेमण्याची तरतूद कितीही सुंदर असली, तरी निर्णय त्याच्या आधीच होऊन गेला तर तिचा उपयोग काय? मूल एकदा परक्या घरी गेले की दिवस जातात, महिने जातात, त्याला त्या घराचा लळा लागतो. मग न्यायालय म्हणते, आता त्याला येथून हलवणे क्रूरपणाचे होईल. त्या क्षणी ते खरेही असते. परंतु ज्यांनी घाई करून मूल नेले, त्यांनाच काळाने बक्षीस दिले, असा त्याचा अर्थ होतो. म्हणून मुलाच्या वतीने बोलणारा माणूस पहिल्या दिवशी हवा. तो शेवटच्या तारखेला आला तर आपले काम त्याला करताच येत नाही.

सरकारच्या घरी मूल निदान सुरक्षित तरी राहते, असे समजणाऱ्यांनी त्याच देशाच्या रॉयल कमिशनचा २०२४ मधील अंतिम अहवाल पाहावा. १९५० ते २०१९ या काळात सुमारे ६,५५,००० माणसे सरकारी आणि धार्मिक संस्थांच्या देखरेखीखाली राहिली. त्यांपैकी सुमारे २,००,००० जणांचा छळ झाला असावा, असा त्या आयोगाचा अंदाज आहे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. ज्याने संरक्षण करण्यासाठी म्हणून मूल नेले, त्याचीच ही कथा.

दुसरी बाजू

आता दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. एकच बाजू ऐकून मत बनवणे धम्माला धरून होणार नाही.

२०२१ साली हॉक्स बे प्रदेशातील एका सहा वर्षांच्या माओरी मुलीचा खटला गाजला. ती एका पाकेहा म्हणजे युरोपीय वंशाच्या जोडप्याकडे वाढत होती आणि तेथे रुळली होती. तिची सांस्कृतिक गरज तेथे भागत नाही, म्हणून तिला माओरी घरी हलवावे, असे खात्याचे म्हणणे पडले. कुटुंब न्यायालयाच्या न्यायाधीशांनी ते मानले नाही. जेथे तिचा जीव जडला आहे तेथून तिला उपटणे तिच्या हिताचे नाही, असा निकाल दिला. त्या मुलीच्या जागी आपले मूल ठेवून पाहिले तर हा निकाल सहजासहजी झिडकारता येत नाही.

माओरी मुलांची स्थिती सुधारणे आणि जमातींशी भागीदारी करणे ही खात्याच्या प्रमुखाची जबाबदारी आहे, असे सांगणारे एक कलम कायद्यात घातले गेले होते. ते २०१९ मध्ये अमलात आले. २०२५ मध्ये संसदेने ते रद्द केले. रद्द करण्यासाठी झटलेल्या बालकमंत्री स्वतः माओरी वंशाच्या, आणि लहानपणी सरकारी देखरेखीत राहिलेल्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, मूल हे आधी मूल आहे, माओरी नंतर. त्याची सुरक्षितता सगळ्यांत आधी. ज्या बाईने ते जिणे भोगले तिचे हे म्हणणे आहे. ते तुच्छतेने उडवून लावणे योग्य नव्हे.

आमच्यातल्या विचारी वाचकाच्या मनात येथे एक शंका उठेल, आणि ती उठलीच पाहिजे. तो म्हणेल, ‘आम्ही जन्माने चिकटवलेली ओळख फेकून दिली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांच्या मागे लाखो लोकांनी जुना धर्म सोडला. आमच्या घराने आता सोडला. माणूस जन्मावरून ओळखायचा नाही, हाच आमचा लढा. मग हे मूल अमक्या जमातीत जन्मले, म्हणून ते त्या जमातीतच वाढले पाहिजे, असे म्हणणे म्हणजे जातीचेच तत्त्व झाले की नाही?’

शंका रास्त आहे. पण नीट तपासली तर तीन ठिकाणी फरक दिसतो.

पहिला फरक असा. जात ही दुसऱ्याने लादलेली पायरी आहे. तिच्यात वर कोण आणि खाली कोण हे आधी ठरते, आणि खालच्याला बाहेर पडायला दार नसते. माओरी मुलाची वंशावळ त्याला कोणाच्या पायाशी बसवत नाही. ती त्याला नाती देते, भाषा देते, उभे राहायला जागा देते. त्याच्या समाजाला खाली बसवले ते बाहेरच्या राज्यकर्त्यांनी; आणि त्यांनीच मुलांना त्या समाजापासून तोडले. आपल्याकडे जातीने माणसाला जखडून ठेवले, तिकडे सत्तेने मुलाला मुळापासून उपटले. दोन्हीकडे त्या माणसाला कोणी विचारले नाही, एवढेच काय ते साम्य.

दुसरा फरक धर्मांतराच्या अर्थाशी आहे. आपण जे सोडले ते जाणून सोडले. त्यात काय होते, त्याने आपले काय केले, हे पिढ्यान्‌पिढ्या भोगून, विचार करून, आपल्या तोंडाने बावीस प्रतिज्ञा उच्चारून सोडले. ज्या मुलाला आपली माणसे कोण, भाषा कोणती, हे कधी कळूच दिले नाही, त्याने ते सोडले असे म्हणता येईल काय? त्याच्याकडून ते हिरावून घेतले गेले. ते मूल मोठे होऊन आपल्या जमातीची रीत खुशाल टाकून देवो. तो त्याचा अधिकार आहे. पण टाकण्यासाठी सुद्धा ती वस्तू आधी हातात असावी लागते.

तिसरा फरक असा की, प्रतिनिधित्व म्हणजे मालकी नव्हे. कैवारी न्यायालयात उभा राहतो याचा अर्थ मूल जमातीच्या हवाली झाले असा होत नाही. तो सांगतो, न्यायाधीश ऐकतात, आणि मग निर्णय करतात. हॉक्स बे येथील मुलीसारख्या प्रसंगी निकाल जमातीच्या म्हणण्याविरुद्धही जाऊ शकतो. परंतु ऐकून घेऊन विरुद्ध निकाल देणे आणि न ऐकताच निकाल देणे, यांत न्याय आणि अन्याय एवढे अंतर आहे.

आता ‘आधी मूल, मग माओरी’ या वचनाकडे वळू. तत्त्व म्हणून ते खरे आहे. ‘आधी माणूस’ हेच आपणही सांगतो. पण व्यवहारात हे वचन कोण कोणाला ऐकवतो, ते पाहावे लागते. ज्याच्या मुलाला ‘तू आधी मूल आहेस’ असे कधी सांगावे लागत नाही, कारण त्याची भाषा, त्याचे सण, त्याच्या घराची रीत हीच देशाची रीत असते, तो हे सहज म्हणतो. त्याच्या घरी वाढलेले माओरी मूल नुसते मूल राहत नाही. ते न विचारता पाकेहा होते. तेव्हा सांस्कृतिक ओळख बाजूला ठेवा म्हणणे म्हणजे बहुधा एकच ओळख चालू ठेवा म्हणण्यासारखे असते. सुरक्षितता आधी, हे मान्य. पण ती कोठे मिळेल हे ठरवताना मुलाला ओळखणाऱ्यांनाही विचारा, एवढीच मागणी आहे.

राहुलाचा प्रसंग

या प्रश्नावर तथागतांचा एक नियम आहे आणि तो फार थोड्यांच्या लक्षात असतो. बुद्ध कपिलवस्तूला आले तेव्हा यशोधरेने राहुलाला त्यांच्याकडे वारसा मागायला पाठवले. बुद्धांनी सारिपुत्ताला सांगून राहुलाला प्रव्रज्या दिली. हे कळल्यावर वृद्ध शुद्धोदन दुःखी होऊन आला. आधी तुम्ही गेलात, मग नंद गेला, आता राहुलही गेला. मुलावरचे प्रेम कातडी, मांस, हाडे भेदून मज्जेपर्यंत जाते, अशा आशयाचे तो बोलला आणि त्याने एक मागणी केली, की यापुढे आईबापांच्या संमतीवाचून कोणाच्या मुलाला भिक्षुसंघात घेऊ नये. बुद्धांनी ती मानली आणि संघासाठी तसा नियम घालून दिला. विनयपिटकातील महावग्गात हा प्रसंग आहे.

याचा अर्थ नीट पाहा. मुलाला वाईट ठिकाणी नेले जात नव्हते. बौद्ध दृष्टीने ज्याहून मोठे हित नाही, त्या हितासाठी ते नेले होते, आणि नेणारे साक्षात बुद्ध होते. तरीही त्यांनी असे म्हटले नाही की, ‘मुलाचे हित मला तुमच्यापेक्षा जास्त कळते.’ म्हाताऱ्या आजोबाचे ऐकून घेतले आणि पुढच्या सगळ्या मुलांसाठी नियम केला. मग कोणत्या खात्याला, कोणत्या मिशनला, कोणत्या सरकारला असा अधिकार पोचतो की त्याने दुसऱ्या बाजूला न विचारता मूल उचलावे?

आपल्या भूमीलाही हा अनुभव आहे. ज्या ब्रिटिश साम्राज्याने वाईतांगीचा तह केला, त्याच साम्राज्याने १८७१ साली येथे गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १८९७ च्या दुरुस्तीने अशा जमातींची मुले आईबापांपासून वेगळी काढून सुधारवसाहतीत ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. १९११ च्या कायद्याने ही सारी व्यवस्था मुंबई इलाख्यालाही लागू होऊ शकली. सोलापूरच्या तारांच्या कुंपणाची आठवण भटक्या-विमुक्त बांधवांच्या घरांत अजून आहे. तो कायदा १९५२ मध्ये गेला. त्या मुलांच्या वतीने त्या वेळी कोण बोलले? त्यांना ना वकील होता, ना कैवारी.

आपण काय करावे

भारताने १९९२ साली संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार मान्य केला. ज्याला मत बनवता येते अशा मुलाला आपल्याविषयीच्या प्रत्येक बाबतीत मत मांडण्याचा हक्क आहे आणि न्यायालयात ते ऐकले गेले पाहिजे, असे त्या कराराचे बारावे कलम सांगते. मूळ रहिवासी आणि अल्पसंख्य समाजांच्या मुलांना आपली संस्कृती, धर्म, भाषा यांचा हक्क आहे, असे तिसावे कलम सांगते. दोन्ही कलमे एकत्र वाचली की माओरींच्या वकिलाचा आणि कैवाऱ्याचा अर्थ उलगडतो. आपल्याकडे बाल न्याय कायद्याखाली जिल्ह्याजिल्ह्यांत बाल कल्याण समित्या आहेत. एक अध्यक्ष आणि चार सदस्य. निराधार, हरवलेली, कामाला जुंपलेली मुले त्यांच्यापुढे येतात. त्यांतील कितीतरी मुले आपल्या, आदिवासींच्या, भटक्यांच्या घरची असतात. आपल्यातील शिकलेल्या तरुण-तरुणींनी या समित्यांचे काम समजून घ्यावे, तेथे अर्ज करावेत, आणि वस्तीतले मूल तेथे उभे असेल तर त्याच्या आजीला सोबत घेऊन जावे. त्या मुलाची बोली जाणणारा माणूस त्या खोलीत असणे ही लहान गोष्ट नाही.

आणि शेवटी आपल्या घराविषयी. नव्याने दीक्षा घेतलेल्या घरांत मुले आईबापांबरोबर विहारात येतात, वंदना शिकतात. घरातले जुने देव गेले, सण बदलले. मुलांना मात्र पुष्कळदा कोणी काही समजावत नाही. ‘आता आपण हे करत नाही’, एवढे सांगितले की आपले काम संपले असे आपण समजतो. मुलाने विचारले, ‘का?’ तर गप्प बसवतो. जे हुकूम खात्याने माओरी आईला ऐकवले, तसेच हे बोलणे होते. आपला धम्म ‘एहिपस्सिको’ आहे: ये आणि पाहा. मुलांनाही ते निमंत्रणच द्यावे. आपण काय सोडले आणि का सोडले, आजोबांनी काय सोसले, बाबासाहेबांनी काय दिले, हे त्यांना सांगावे. त्यांचे प्रश्न ऐकावेत. आणि मोठे झाल्यावर ते आपल्या तोंडाने ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणतील तेव्हा ते त्यांचे स्वतःचे म्हणणे असेल, अशी त्यांची तयारी करावी.

मूल सरकारच्या मालकीचे नाही, जमातीच्या मालकीचे नाही, आणि आपल्याही मालकीचे नाही. म्हणूनच त्याच्या वतीने बोलणाऱ्यावर मोठी जबाबदारी येते. त्याने मुलाचे शब्द खरे पोचवावेत, मुलाच्या माणसांना ओळखावे, आणि मूल स्वतः बोलू लागले की बाजूला सरून त्याला जागा द्यावी.